इंदूरला नवीन आलात? बेफाम गाड्यांपासून वाचून कसं चालवायचं ते सांगतो

जून-जुलै आला की आमच्या राजेंद्र नगर, लोकमान्य नगरकडे कोणाचा ना कोणाचा भाचा, पुतण्या, भाची राहायला येतेच, जळगाव, भुसावळ, बऱ्हाणपूर, अकोला इकडून. कोणी भंवरकुआँला कोचिंगसाठी येतं, कोणी सुपर कॉरिडॉरच्या आयटी कंपनीत लागलेलं असतं, आणि आठ-पंधरा दिवसांत सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा नाहीतर गावाहून आणलेली एमएच पासिंगची बाईक घेऊन एबी रोडवर निघतात. मग मला काळजी लागते. शहर फार छान आहे, स्वच्छ आहे, लोक प्रेमळ आहेत, पण गाडीवर बसले की त्यातलेच काही लोक असे सुटतात की विचारू नका. म्हणून घरी येणाऱ्या पोरांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितोय, मुख्यतः टू-व्हीलरवाल्यांसाठी, पण कारवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

मूळ गोष्ट एकच. समोरचा कसा चालवणार ते आपल्या हातात नाही, पण आपल्या पुढे, मागे, बाजूला किती जागा मोकळी ठेवायची ते बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. त्याच्याकडून चूक झाली आणि आपल्याकडे जागा असली तर फक्त ब्रेक लागतो, जागा नसली तर टक्कर होते. खाली जे जे सांगतोय ते सगळं ही जागा कशी मिळवायची आणि कशी टिकवायची याबद्दलच आहे.

आधी गाडी आणि डोकं

हेल्मेट आयएसआय मार्कचं, आयएस ४१५१ लिहिलेलं घ्या, फुटपाथवरचं टोपीसारखं नको. साइज बरोबर पाहिजे, म्हणजे डोकं हलवलं की हेल्मेट डोक्याबरोबर हलायला हवं, आतल्या आत फिरायला नको, आणि पट्टा हनुवटीखाली इतकाच सैल की दोन बोटं जातील. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पडताना तुमच्या आधी रस्त्यावर पोचतं. इंदूरला ऑगस्ट २०२५ पासून हेल्मेट नसेल तर पेट्रोल मिळणार नाही असा आदेश निघाला होता, तेव्हा पंपावर दुसऱ्याचं हेल्मेट मागून पेट्रोल भरणारे लोक बघितले आणि फार वाईट वाटलं, कारण ते हेल्मेट पंपासाठी नव्हतंच. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, कायद्यानंही हवं. ९ महिने ते ४ वर्षांचं लेकरू सोबत असेल तर त्याला त्याच्या मापाचं हेल्मेट, तुमच्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि गाडीचा वेग जास्तीत जास्त ४०, असा नियमच आहे.

आरसे दोन्ही पाहिजेत. एक तुटलेला, एक आतल्या बाजूला दुमडलेला, असं घेऊन फिरू नका. सीटवर नेहमीसारखं बसून आरसा असा लावा की त्यात तुमचा खांदा अगदी कोपऱ्यात जेमतेम दिसेल आणि बाकी सगळा मागचा रस्ता. आरशात बघायची सवय लागली की कोण किती वेगानं येतंय ते आधीच कळतं, आणि बेफाम चालवणारे बहुतेक वेळा मागूनच येतात.

ब्रेकबद्दल जरा जास्त बोलतो, कारण नवीन पोरं यात फार घाबरतात. पुष्कळांना घरी शिकवलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील. त्यामुळे ऐनवेळी ते नुसता मागचा दाबतात, मागचं चाक लॉक होऊन सरकतं आणि गाडी वेळेत थांबतच नाही. ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पकडही पुढच्या टायरलाच जास्त मिळते, आणि खरं थांबवण्याचं काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही एकत्र दाबायचे, पुढचा झटक्यात न दाबता हळूहळू पण जोरात आवळत न्यायचा, हँडल सरळ ठेवायचं. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस असतं, ते ज्या चाकाला असेल ते लॉक होत नाही (पुष्कळ गाड्यांत फक्त पुढच्याला असतं), स्कूटरला बहुतेक सीबीएस असतं म्हणजे डावा लिव्हर दाबला की दोन्हीकडे थोडा थोडा लागतो. तुमच्या गाडीत काय आहे ते माहीत करून घ्या आणि रविवारी सकाळी सहाच्या सुमारास कॉलनीतल्या मोकळ्या रस्त्यावर २०, मग ३०, मग ४० च्या वेगावरून थांबून बघा. हातांना एकदा कळलं की किती जोर लागतो, मग समोर अचानक कोणी आलं तरी डोकं विचार करत बसत नाही.

टायर, लाइट, हॉर्न, हे रोज निघताना एक नजर टाकून. ब्रेक लाइट लागतो का ते मागे हात धरून बघा, तो बंद असेल तर मागच्याला तुम्ही थांबताय हे कळणारच नाही.

पहिल्या आठवड्यात घाई नको

शक्य असेल तर पहिले काही दिवस कोणाच्या तरी मागे बसून नाहीतर सिटी बसनं तुमचा रोजचा रस्ता बघा. देवास नाक्याकडून विजय नगर, एलआयजी, पलासिया, गीता भवन, नवलखा, भंवरकुआँ आणि पुढे राजीव गांधी चौराहा होत राऊकडे जाणारा एबी रोड हा शहराचा कणा आहे, नव्या माणसाचं बरंचसं आयुष्य यावरच जातं. या रस्त्यात मधोमध बसची बीआरटीएस लेन होती, २०१३ ला सुरू झालेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती काढायचं सरकारनं जाहीर केलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टानं परवानगी दिली आणि मग रेलिंग टप्प्याटप्प्यानं निघायला लागली. असं काम चालू असलं की एका ठिकाणी रेलिंग, पुढे मोकळं, पुढे ब्लॉक ठेवलेले, त्यात मधूनच माणसं आणि बाईकवाले क्रॉस करतात. विजय नगर, रेडिसन, एमआर-१० कडे मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड, तिथे तीन लेनचं एका लेनमध्ये होतं आणि सगळे शेवटच्या क्षणी घुसतात. असल्या ठिकाणी मॅपवर बघून चालवू नका, मोबाईल खिशात, आवाज कानात एवढं पुरे, आणि वळण चुकलं तर पुढच्या चौराह्यावरून फिरून या. चुकलेल्या वळणासाठी अचानक थांबणारा किंवा तिरपा जाणारा माणूस स्वतःच दुसऱ्यांसाठी बेफाम होतो.

(एमएच पासिंगची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवणार असाल तर एमपीचा नंबर करून घ्यावा लागतो, इन्शुरन्सचे कागद पण बघून ठेवा, थर्ड पार्टी तरी चालू पाहिजेच.)

पुढच्या गाडीपासून किती लांब

साधा हिशोब बघा. ४० च्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० ला जवळजवळ १७ मीटर. डोळ्यांनी बघून हात ब्रेकवर जाईपर्यंत माणसाचा एक-दीड सेकंद जातोच, म्हणजे ६० ला ब्रेक लागायच्या आधीच १७ ते २५ मीटर गेले. मग थांबायला कोरड्या चांगल्या रस्त्यावर ४० ला साधारण १० मीटर आणि ६० ला २३ च्या आसपास. वेग दीडपट झाला तर थांबायचं अंतर सव्वादोनपट होतं, दुप्पट झाला तर चौपट. आणि ५० च्या वेगात दोन सेकंद मोबाईलकडे बघितलं तर २८ मीटर आंधळेपणानं गेलात.

त्यामुळे मोजायची पद्धत अशी, पुढची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा झाडापाशी गेली की मनात एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन म्हणा, त्यानंतर तुम्ही त्या खांबाशी पोचायला पाहिजे. पावसात नाहीतर रात्री चार-पाच म्हणा.

आता तुम्ही म्हणाल काका, इंदूरला एवढी जागा सोडली तर कोणीतरी मध्ये घुसतंच. घुसतं. घुसू दे. तो घुसला की आपण अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडायचा आणि पुन्हा तीन सेकंद मागे व्हायचं. राऊपासून विजय नगरपर्यंत दहा जण घुसले तरी तुम्हाला अर्ध्या-एक मिनिटाच्या वर उशीर होत नाही, कारण पुढच्या सिग्नलला ते सगळे तुमच्या बाजूलाच उभे असतात. जागा गेली की लगेच नवीन जागा बनवायची, एवढंच काम आहे, आणि याचा राग मानायचा नाही.

सिग्नलला थांबतानाही हेच. पुढच्या गाडीचे मागचे टायर जमिनीला टेकलेले दिसतील एवढं अंतर ठेवून थांबा, म्हणजे मागून कोणी वेगात येताना आरशात दिसला तर बाजूला सरकायला जागा राहते. मागे एक-दोन गाड्या नीट थांबेपर्यंत गिअर काढू नका, आरशात बघत राहा. सगळ्यात मागचा म्हणून उभं राहायची वेळ आली तर एकदम मधोमध उभं न राहता दोन गाड्यांच्या फटीच्या रेषेत थोडं बाजूला थांबा.

डोळे कुठे ठेवायचे

नवीन चालवणारा पुढच्या गाडीच्या टेललाइटकडे बघत चालवतो. नजर त्याच्या पलीकडे, दोन-तीन गाड्या पुढे न्या, कारच्या काचेतून, बाजूनं, जसं दिसेल तसं. तिथे ब्रेक लाइट लागायला लागले की तुमच्या पुढचा अजून ब्रेक मारायचाय तोपर्यंत तुम्ही हळू झालेले असता.

मग माणसं ओळखायला शिका. हे मी चालवत असताना सतत मागे बसलेल्याला दाखवत असतो.

ई-रिक्षा किंवा मॅजिक (सवारी नेणारी छोटी व्हॅन) रस्त्याच्या मधून चाललीये आणि डावीकडे कडेला सवारी हात दाखवतीये, तर रिक्षावाल्याचं डोकं त्या सवारीकडे वळलेलं असतं. तो आता काटकोनात डावीकडे येणार आणि थांबणार, इंडिकेटरची वाट बघू नका. कारच्या ड्रायव्हरचं डोकं खिडकीबाहेर आलं तर गुटखा थुंकणार, एक तर तोंडावर येईल आणि दुसरं म्हणजे थुंकताना हातातलं स्टिअरिंग थोडं वळतंच. बाइकवाल्याची मान एका खांद्याकडे वाकडी असेल तर मोबाईल हेल्मेटमध्ये नाहीतर खांद्यात दाबलाय, त्याला मागचं काहीही ऐकू येत नाहीये. कडेला उभ्या कारमध्ये ड्रायव्हर सीटवर माणूस बसलेला दिसला तर दार उघडणार असं समजून हातभर लांबून जा, पलासिया आणि छप्पन दुकानच्या आसपास हे फार होतं. दोन बस एकाच रूटच्या पुढे-मागे पळताना दिसल्या तर त्यांच्यात पुढच्या स्टॉपच्या सवारीसाठी शर्यत आहे, त्यांच्या मध्ये किंवा डावीकडे कधीच जाऊ नका.

आणि पुढचं चाक. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गल्लीतून नाक बाहेर काढून उभी असलेली कार तुमच्यासाठी थांबलीये की निघणार आहे हे ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरून कळत नाही, काचा काळ्या असतात, उन्हाची झळाळी असते. तिच्या पुढच्या चाकाकडे बघा. गाडी हलायला लागताना बोनेट हललेलं कळत नाही पण चाकाचे स्पोक, व्हीलकॅपची डिझाइन फिरायला लागलेली लगेच दिसते. चाक फिरलं की तुमची बोटं ब्रेकवर. तसंच पुढे चाललेल्या कारचं, ती लेन बदलायच्या आधी चाकाचा रोख आणि रंगवलेल्या पट्टीपासूनचं अंतर बदलतं, इंडिकेटर नंतर लागतो, लागला तर.

ट्रक, डंपर, ट्रॉला यांच्याबाबत एक सोपी खूण ध्यानात ठेवा, त्यांच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. त्यांच्या डाव्या बाजूला अजिबात घुसायचं नाही, विशेष करून वळणावर, कारण लांब गाडी डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि आधी जी जागा मोकळी दिसत होती ती बंद होत जाते. त्यात अडकलेल्या माणसाला कुठेच जायला राहत नाही. ओव्हरटेक उजवीकडूनच, आणि करायचा तर एका दमात करा, बाजूला रेंगाळू नका.

चौराहा

शहरात पुष्कळ धडका इथे होतात. सिग्नलवर टायमर असतो, लाल ५, ४, ३ झाला की इंदूरला हॉर्न सुरू होतात आणि हिरवा व्हायच्या आधीच अर्धे लोक निघालेले असतात. त्याच वेळी आडव्या रस्त्यावरचा पिवळा संपत आलेला असतो आणि तिथले काही लोक तो पकडायला वेग वाढवतात. हे दोघं जिथे भेटतात तो चौराह्याचा मधला भाग.

माझा जळगावचा भाचा मागे बसलेला, गीता भवनला, आमचा हिरवा झाला आणि मी निघालो नाही. तो म्हणाला, "मामा, हिरवा झालाय ना, चला की." मी म्हटलं, "उजवीकडे बघ." एक एसयूव्ही, काळी, पिवळ्यावर नाही तर पूर्ण लालवर, हॉर्न दाबून धरलेला, आमच्या पुढच्या दोन बाइक ब्रेक मारून तिरप्या झाल्या, एकाची डबा ठेवलेली पिशवी खाली पडली आणि वरणाचं झाकण उघडून रस्त्यावर सांडलं. मागचे हॉर्न वाजवतच होते. मग मी डावीकडे बघितलं, परत उजवीकडे बघितलं आणि निघालो. भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

तर पायरी अशी, हिरवा झाला की आधी उजवीकडे, मग डावीकडे, परत उजवीकडे, आडवं येणारं कोणी थांबतंय हे डोळ्यांनी बघून मग निघायचं. मागच्यांचे हॉर्न वाजू देत. सगळ्यात पुढे उभे असाल आणि बाजूला एखादी कार किंवा बस असेल तर तिच्या अर्धा पाऊल मागून निघा, आडवा आला तर आधी ती आहे. पण तिच्यामुळे तुम्हाला बाजूचं दिसत नसेल तर तिच्यावर भरवसा ठेवून जाऊ नका, स्वतः बघून मगच.

पिवळा लागला आणि तुम्ही आरामात थांबू शकत असाल तर थांबा, पण आधी आरसा. मागचा पिवळा काढायच्या बेतात चिकटून येत असेल तर एकदम ब्रेक मारू नका, दोन-तीनदा ब्रेक लाइट टिमटिमवत हळू व्हा.

सिग्नल नसलेल्या चौराह्यावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि गोल चौराह्यावर जो आधीच गोलात फिरतोय त्याचा हक्क पहिला, २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये स्पष्ट आहे. पण समोरच्याला हे माहीत असेल असं धरून चालू नका. नियम तुम्ही पाळायचा, तो पाळेल याची वाट बघून खात्री करायची.

राँग साइड हे इथलं मोठं दुखणं आहे. डिव्हायडरचा कट लांब असला की लोक कडेनं उलटे येतात, सर्व्हिस रोडवर तर दोन्हीकडून दोन्ही दिशांना. डावीकडे वळताना आपण सवयीनं फक्त उजवीकडे बघतो आणि राँग साइडवाला डावीकडून येतो, म्हणून वळायच्या आधी दोन्हीकडे. तो समोर आलाच तर त्याला तुमच्या डावीकडून म्हणजे कडेकडून जाऊ द्या की उजवीकडून याचा खेळ करू नका, वेग कमी करा, सरळ रेषेत राहा, म्हणजे त्याला तुमचा अंदाज येईल. दोघं एकाच वेळी एकाच बाजूला वळले की धडक होते.

मागून चिकटणारा, कट मारणारा, भांडणारा

मागे कोणी दिवे मारत, हॉर्न देत चिकटला तर वेग वाढवू नका. उलट पुढची जागा आणखी वाढवा, म्हणजे तुम्हाला अचानक ब्रेक मारायची वेळ येणार नाही आणि तो तुमच्यावर आदळणार नाही. मग डावीकडे जागा बघून इंडिकेटर देऊन सरका आणि जाऊ द्या. कोणी कट मारून गेला तर तुमचा हात हॉर्नपेक्षा आधी ब्रेकवर गेला पाहिजे.

आणि पाठलाग अजिबात नाही. तरुण पोरांना हेच सगळ्यात जड जातं, मला समजतं, मैत्रीण मागे बसलेली असते, मित्र बघत असतात. पण राग आला की नजर त्या एका गाडीवर खिळते आणि बाकी रस्ता दिसेनासा होतो, पुढचा गतिरोधक, क्रॉस करणारी आजी, काहीच दिसत नाही. खिडकी खाली करून तो शिव्या देत असेल तर "जाओ भिया, निकल जाओ" म्हणायचं आणि बाजूला थांबून घोटभर पाणी प्यायचं. कोणी खरंच धोकादायक चालवत असेल, दारू पिऊन झोकांड्या खात असेल, तर गाडी बाजूला थांबवून नंबर, रंग, दिशा सांगून ११२ ला फोन करा. दारूची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे आणि पहिल्या वेळेलाच १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

रात्र, पाऊस आणि शहराबाहेर

रात्री उशिरा सराफ्यात खाऊन परतताना रस्ते रिकामे दिसतात आणि म्हणूनच वेग वाढतो. विजय नगर, बायपासकडून पार्ट्या सुटायच्या वेळेला रिकाम्या रस्त्यावर सिग्नल चालू असला तरी थांबा आणि निघताना जास्त वेळ बघा. समोरून कोणी अपर मारत आला तर त्या दिव्याकडे बघू नका, नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा, वेग कमी करा. स्वतःचा दिवा डिपरवर ठेवा, त्याला धडा शिकवायला आपला अपर लावला तर दोन आंधळे समोरासमोर येतात.

सोयाबीनच्या दिवसांत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास, आजूबाजूच्या गावांतून मंडीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर येतात, कांदा-लसणाच्या वेळेला चोइथराम मंडीकडे पण. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर धुळीनं झाकलेला, वर ताडपत्री काळी, आणि पंक्चर झाली की तिथेच डाव्या लेनमध्ये उभी, मागे दोन दगड ठेवलेले. हेडलाइटच्या उजेडात ती दिसते तेव्हा ६० च्या वेगात तुमच्याकडे दोन-अडीच सेकंद उरलेले असतात. म्हणून रात्री शहराबाहेर वेग एवढाच ठेवा की हेडलाइटमध्ये जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता येईल.

सुट्टीला पोरं चोरल, पाताळपाणी, ओंकारेश्वर, मांडू गाठतात. खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे भेरूघाट लागतो. घाटात उतारावर भरलेल्या ट्रकच्या पुढे जास्त वेळ राहू नका, सतत ब्रेक दाबून ते तापतात आणि धरेनासे होतात. ट्रक मागून येताना दिसला तर सुरक्षित जागी थांबून त्याला पुढे जाऊ द्या, किंवा त्याच्यापासून भरपूर मागे राहा. तुम्हीही उतारावर न्यूट्रल किंवा इंजिन बंद करून जाऊ नका, खालच्या गिअरमध्ये उतरा. वळणावर आपली बाजू सोडायची नाही, समोरून येणारा वळण कापत तुमच्या बाजूला येईल असं धरूनच डावीकडे राहा.

पावसाळ्यातला पहिला पाऊस सगळ्यात घसरडा, रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते, पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर चाक सरकतं. पाणी साचलंय तिथे खड्डा आहे असं समजा आणि पुढचा बाइकवाला ज्या जागी वाकडा झाला ती जागा ध्यानात ठेवा. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा त्या भागात गाडी नेऊच नका, रस्ता ओला, रंगानं निसरडा आणि दुपारनंतर परतणाऱ्यांत पिऊन चालवणारे असतात. संध्याकाळी सुपर कॉरिडॉरवरून एअरपोर्टच्या दिशेनं जाताना ऊन सरळ डोळ्यात येतं, तुम्हाला येतं तसं मागून येणाऱ्यालाही येत असेल, तो तुम्हाला बघू शकत नाहीये हे लक्षात घेऊन हळू व्हा.

धडक झालीच तर

गाडी आधी बंद करा, शक्य असेल तर कडेला व्हा. स्वतः उठता येत असेल तरी लगेच उठून पळू नका, मान, पाठ, पाय हळूच हलवून बघा. दुसरा माणूस पडलेला असेल तर मागच्या गाड्यांना हात दाखवून थांबवा आणि १०८ ला फोन, पोलिसांसाठी ११२, हायवेवर १०३३ पण आहे. बेशुद्ध माणसाचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. श्वासच चालत नसेल तरच, एकानं मान धरून दुसऱ्यानं हळू काढायचं. पाणी पाजू नका. जोरात रक्त जात असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.

मदत करायला घाबरू नका. २०१९ च्या सुधारणेनं मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलंय, मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायची जबरदस्ती नाही. जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणं फार मोठी गोष्ट आहे, केंद्र सरकारच्या राहवीर योजनेत त्यासाठी २५,००० रुपयांचं बक्षीसही आहे. अपघातग्रस्ताला योजनेत असलेल्या दवाखान्यात पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना मे २०२५ पासून आहे, दवाखान्यात गेल्या गेल्या विचारा. ठोकून पळून गेलेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तरी मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये भरपाई मिळते, पण त्यासाठी पोलिसांकडे नोंद पाहिजेच.

मोबाईलमध्ये फोटो काढा, दोन्ही गाड्या हलवायच्या आधी, नंबर प्लेट, रस्त्यावरच्या खुणा, आजूबाजूचं दुकान म्हणजे तिथला सीसीटीव्ही नंतर मागता येईल. तिथे गर्दीत "समझौता" करून पैसे घ्यायची घाई करू नका, आतली मार कधी कधी दुसऱ्या दिवशी कळते. विमा कंपनीला लगेच कळवा.

आणि निघायच्या आधी आजच हे करा, मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर घरच्या एका माणसाचा नंबर दिसेल असं सेटिंग ठेवा, आणि इंदूरला गावाचं कोणी नसेल तर इथल्या रूममेट नाहीतर घरमालकाचा पण टाका. लायसन्सच्या मागे चिठ्ठी, रक्तगट आणि काही अ‍ॅलर्जी असेल तर ती, मराठीत नको, हिंदीत लिहा, इथल्या नर्सना पटकन वाचता येईल.